जसोंडीचा रस्ता बदलणार नाही

बुधवारा, बुऱ्हाणपूर
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप बाबुराव दाजींना चुडामणचा सप्तांग नमस्कार. (आठवे अंग म्हणजे उजवा गुडघा, तो सध्या जमिनीला टेकत नाही. टेकत नसताना साष्टांग लिहिणे म्हणजे खोटे लिहिणे, आणि मी खोटे लिहीत नाही हे तुम्ही जाणता.) निर्मलाअक्काचा खोकला ऊन तापू लागल्यावर बसला असेल. रावेरला वादळ झाले पण तुमची केळीची बाग वाचली असे ऐकले, बरे वाटले. इकडे सर्व खुशाल असे लिहायची पद्धत आहे. पण इकडे सर्व खुशाल नाही आणि ते तुमच्यापर्यंत पोचलेले आहे, कारण मालूबाईंनी तुम्हाला फोन केल्याचे मालूबाईंनीच चार गावांत सांगितले.

आमच्या तृप्तीचे लग्न तुम्ही जमवलेत, जसोंडीचे स्थळ तुम्ही आणलेत. तेव्हा तिच्या सासूबाईंनी, म्हणजे मालूबाईंनी, माझी तक्रार तुमच्याकडे केली यात माझी हरकत नाही, तक्रार योग्य खिडकीवर गेली. त्यांचे म्हणणे असे की व्याह्यांनी सकाळी कुठेही पळावे, पण जसोंडीच्या शिवेत यायचे तर गाडीवर, फुल पँटीत आणि ओट्यावर बसायला यावे. माझे उत्तर मी सुरुवातीलाच देऊन टाकतो म्हणजे तुम्हाला पुढचे पत्र सावकाश वाचता येईल. रस्ता बदलणार नाही.

आता कारणे. मोटर रिवाइंडिंग मी कोणा उस्तादाकडे शिकलो नाही, जळलेल्या मोटरी उघडून शिकलो. पळणेही तसेच, स्वतःला उघडून शिकलो. डॉक्टरांनी साखर वाढल्यावर फिरायला सांगितले होते. पण फिरणारा माणूस बुधवाऱ्यात प्रत्येक ओट्यावर थांबतो आणि प्रत्येक ओट्यावर चहा असतो, म्हणजे फिरून साखर वाढते. म्हणून मी पळू लागलो. माझी पद्धत माझीच आहे. डोक्याला पांढरा पंचा ओला करून बांधायचा, श्वास फक्त नाकाने घ्यायचा आणि घराच्या ओट्यावर परत पाय ठेवेपर्यंत तोंड उघडायचे नाही. (तोंड उघडले की दम सांडतो. हे मी अनुभवाने लिहितो आहे, मोबाईलवर पाहून नव्हे. मोबाईलवर तर तोंड उघडे ठेवा असेही सांगतात.)

दुसरे रस्ते मी पाहिले नाहीत असे मालूबाईंना वाटते. सगळे पाहिले. पूल ओलांडून जैनाबादचा रस्ता आहे. पहाटे तापीवर धूर पसरल्यासारखे धुके असते, कोळी जाळी झटकत असतात, दृश्याला नावे ठेवायला जागा नाही. पण त्या रस्त्यावर प्रत्येक मोटरसायकलवाला थांबतो आणि "बैठो मिस्त्री, छोड देता हूँ" म्हणतो. मी मान हलवून नाही म्हणतो. त्यांना वाटते पेट्रोलचा संकोच करतो आहे, मग ते माझ्या वेगाने बाजूला गाडी चालवत राहतात आणि आग्रह करतात. एकाने तर नदीपासून पार मशिदीपर्यंत आग्रह केला. हिवराच्या झाडांकडचा दुसरा रस्ता कपाशीतून जातो. तो मोकळा आहे, सातपुडा अख्खा दिसतो, पण तिथे उखर्डूचा मळा लागतो. मी पळताना दिसलो की उखर्डूला वाटते त्याची मोटर जळाली आणि तिची खबर मला त्याच्याआधी लागली. पहिल्या दिवशी तो माझ्यामागे पळाला. त्याच्या मागे त्याचे दोन गडी पळाले, गड्यांच्या मागे शेजारच्या मळ्यातले लोक, कारण इतकी माणसे पळताहेत म्हणजे कुठेतरी आग असणार. विहिरीत मला धरून उतरवले तेव्हा मोटर उत्तम चालू होती. उखर्डू म्हणाला, "मग तुम्ही पळत कायले होते?" या प्रश्नाला त्या मळ्यात उत्तर नाही.

राहिला जसोंडीचा. दाजी, तुम्ही केळीवाले आहात म्हणून सांगतो, दुसऱ्याला कळणार नाही. रस्ता म्हणजे कच्ची पांदण, तिच्या दोन्ही बाजूंनी बागा आहेत. रात्रभर ठिबक चाललेले असते, त्यामुळे आत शिरले की अंगाला विहिरीत उतरल्यासारखा गारवा लागतो. पानांवरचे पाणी पंच्यावर टपटपते, घडांना निळ्या पिशव्या घातलेल्या, मधूनच बांधावर पळस पेटलेला. मातीही पायाला अशी की डांबरासारखी टाचेला उलट मारत नाही. आणि गावाच्या अलीकडे वाऱ्याला आडवी लावलेली शेवरीची रांग संपते तिथे एक निंब आहे, त्याच्यापाशी रस्ता वळतो. त्या वळणावर वेग आपोआप कमी होतो. का होतो ते विचारू नका, चढ आहे असे समजा.

आता ज्या दिवसाचा बोभाटा झाला तो दिवस. जे ऐकलेत ते विसरा, घडले ते असे. मी वळण घेऊन नेहमीप्रमाणे व्याह्यांच्या दारावरून चाललो होतो. मालूबाई तांब्या घेऊन गल्लीतच आडव्या उभ्या राहिल्या. "याही, रोज दारावरून जाता, आज पाणी तं घ्या." लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचे पाणी घ्यायचे नाही, ही आपली रीत. (मी रीत मानत नाही, फक्त पाळतो. न मानता पाळायला जास्त शिस्त लागते.) म्हणून हात वर करून पाणी नको म्हटले. तोंड बंद, कारण पद्धत. घाम डोळ्यांत उतरला होता, तो पंच्याने पुसला. घरी परतायचे आहे हे सांगायला बुऱ्हाणपूरकडे बोट दाखवले, हात जोडले आणि मागे फिरलो. यात गैर काय ते मला आजही दाखवा.

पण आपल्याकडे मयताचा निरोप घेऊन येणारा काय करतो? ओट्याखाली उभा राहतो, बसत नाही, पाणी घेत नाही, निरोप पोचला की मागे फिरतो. मालूबाईंनी पांढरा पंचा पाहिला, डोळे पुसलेले पाहिले, बुऱ्हाणपूरकडचे बोट पाहिले, आणि हातातला तांब्या टाकून "अवं माय, याहीन गेली वं!" असा टाहो फोडला. याहीन म्हणजे आमची सुमित्रा. मी तोपर्यंत पांदणीत शिरलो होतो. आवाज ऐकू आला, पण कोणाचे तरी रेडकू विहिरीत पडले असावे असे वाटले.

जावई समाधानने घड भरायला आलेली पिकअप रिकामी केली, तीत तृप्तीला, मालूबाईंना आणि गल्लीतल्या बायांना बसवले आणि डांबरी रस्त्याने बुधवाऱ्यात आणले. मी पांदणीने येत होतो, म्हणजे मागे. सुमित्रा गच्चीवर कुरडया घालत होती. तिने वरून काय पाहिले? पिकअपभर रडणाऱ्या बाया, त्यांत आपली लेक, आणि नवरा सकाळीच पळायला गेलेला. ती चिकाच्या हातांनी तिथेच बसली आणि तिने वरून सूर लावला. खालच्या बायांनी तो सूर ऐकला आणि घरातले रडू सुरू आहे म्हणजे बातमी खरी असे समजून आपला वाढवला. शेजारच्या वंदनाबाईंनी रीत म्हणून आमचा गॅस बंद केला, त्यात चिकाच्या गुठळ्या झाल्या. शेवटी मालूबाई जिना चढून गेल्या आणि जिच्यासाठी रडत होत्या तिच्याच गळ्यात पडल्या. बराच वेळ रडल्यावर त्यांच्या लक्षात आले की गळा ऊन आहे. "तुम्ही तं जित्त्या!" "मग ते कुठं पडले?" "कोन पडलं?" इथपर्यंत संभाषण आले असता मी गल्लीत शिरलो.

माझे एकच चुकले असे लोक म्हणतात की मी तेव्हाही बोललो नाही. पण ओटा अजून आला नव्हता. गर्दीतून वाट काढत, सर्वांना हात जोडत मी ओट्यापर्यंत पळालो, पाय ठेवला आणि मग विचारले, "कोण गेलं?" मालूबाई वरून म्हणाल्या, "तोंड उघडाले मुहूर्त पाहता का हो याही?" तुमचा रितेश रावेरहून पांढरी टोपी घालून, हार घेऊन आला तो याच सुमारास. हार वाया जाऊ नये म्हणून दत्ताच्या तसबिरीला घातला.

त्यानंतर फतवे निघाले. समाधान मुलगा चांगला, पण म्हणाला, "पापाजी, गाँव में बात होती है ना. मी ट्रेडमिल घेऊन देतो, घरी पळा." म्हणजे पट्टा पळणार आणि मी तिथेच! घाण्याच्या बैलालासुद्धा निदान गोल फिरू देतात. सुमित्राने माझ्याशी बोलणे सोडले आहे, कुरडयांबद्दल तेवढे बोलते. सगळ्यांना एकच सांगतो. मी कोणाच्या बागेतला घड तोडला नाही, कोणाच्या दारात थुंकलो नाही, मेलेला तर नाहीच नाही. पांदण सरकारी आहे. तिच्यावरून बैल जातो, पिकअप जाते, वराती जातात. चुडामण का जाणार नाही? मालूबाईंना तुम्ही हे माझ्याच शब्दांत कळवावे, मऊ करून नव्हे.

अक्काला नमस्कार, आणि तिने माझी बाजू घेऊ नये, तिने घेतली की माझी बाजू पडते.

तुमचा, उभा आणि पळता,
चुडामण

ता. क. सुमित्राने माझे बूट त्याच दिवशी रितेशच्या हाती देऊन टाकले. ते त्याला ढिले होतात, हे मी न पाहता सांगतो. परत पाठवावेत. सध्या चपलांवर पळतो आहे, गुडघ्याचे कारण तेच.

आणखी एक. हे अक्काला वाचून दाखवू नये. त्या वळणावर चढ नाही. निंबाच्या मागे व्याह्यांचा गोठा आहे, आणि तृप्ती सकाळी तिथे म्हशीला चारा टाकायला येते. मी दिसलो की आधी चड्डीला हसते, मग "पप्पा, हळू" म्हणते. मी तोंड बंद असल्याने फक्त हात करतो. एवढेच. रोज लेकीच्या दारी जाऊन बसणारा बाप सासरी चालत नाही, पळत जाणारा चालतो, असा माझा हिशेब होता. तेव्हा मालूबाईंना एवढे नक्की पटवा की मी फक्त साखरेसाठी पळतो.

शेवटचे. आज सकाळी गेलो तर निंबाखाली नवा माठ, वर झाकण, झाकणावर पेला. तृप्ती गोठ्यातून म्हणाली, "आईंनी ठेवला, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी. त्या म्हणे, निंब शिवेच्या बाहेर आहे, हे आमच्या घरचं पाणी नाही, याहींना सांग." मी शिवेचा दगड शोधला, झाडापासून पावलांनी मोजून पाहिले. बाई बरोबर आहेत. प्यायलो. तोंड उघडावे लागले, म्हणून मग थोडे बोललोही. म्हणजे त्यांना सगळे आधीच कळलेले दिसते. तरी साखरेचे तुम्ही कळवाच.