मान वळवणारं चित्र

नगर, १८ नोव्हेंबर १९९९, गुरुवार

शिरीषचं काम काल संपलं एकदाचं. हा माझा मित्र मेडिकलचं दुकान चालवतो आणि इंटरनेटवर स्वतःच्या पानावर मोठ्यांसाठीच्या चावट गोष्टी लिहितो. तिथलं पाठमोऱ्या बाईचं चित्र त्याला हलतं हवं होतं. क्लिक केलं की तिनं मान वळवून बघायचं. दुकानांचे बोर्ड रंगवायचे दिवस गेले, आता ही कामं.

मान वळायला आठ चित्रं लागली. तीन दिवस कॉम्प्युटरवर काढत होतो आणि पुसत होतो. डोळ्यांची आग होते नुसती. काल मात्र हात आपोआप चालला. शिरीष बघून म्हणाला, "लई जिवंत झालीय राव. कुणाला समोर बसवली हुती?"

कुणालाच नाही म्हणालो. खोटं नव्हतं ते.

आज संध्याकाळी चहासाठी बायकोला, सुमनला हाक मारली. ती मोरीत पाठमोरी बसून भांडी घासत होती. तिनं मान वळवली. आधी हनुवटी खांद्याशी, मग डोळे वर. तीच आठ चित्रं, त्याच क्रमानं.

"काय वो? हाक मारली ना?"

काही नाही म्हणालो. चहा राहिलाच.

शिरीषला फ्लॉपी कालच दिली, चित्र त्यानं पानावर चढवलंसुद्धा असेल. काढून टाक म्हणू? का म्हणून विचारलं तर काय सांगू? बावीस वर्षं ही मान माझ्या हाकेला वळत आली. आता कुणीही क्लिक करायचं, की ती वळणार.