विहारातल्या रेडिओची किल्ली

बुद्धपौर्णिमा, १९७४

किल्ली अजून खिशातच आहे.

आमच्या विहारातला रेडिओ सगळ्या वस्तीनं वर्गणी करून घेतला. मी शिकलेला, नोकरीवाला, म्हणून सांभाळायला माझ्याकडे दिला. मी काय केलं? सुताराकडून त्याला लाकडी पेटी करून घेतली, कुलूप लावलं अन् सगळ्यांना बजावलं, "बिघडंल. माझ्याशिवाय कोनी हात लावू नका."

आज संध्याकाळी रेडिओवर बुद्धवंदना होती. मी मेणबत्त्या आणायला वाशीमला गेलो आणि येताना एस्टी बंद पडली. पोचलो तेव्हा सगळे धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत त्या बंद पेटीसमोर बसून होते. घाईघाईनं किल्ली लावली. वंदना संपून बाजारभाव लागले होते.

"कुलूप तोडलं काहून नाही?" वर मीच चिडलो.

शेजारची सखूमाय म्हणाली, "तूच तं म्हनलं होतं ना बापू, हात लावू नका. आमाले सवय हाय आयकाची."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. विहिरीवर, देवळाच्या पायरीवर हेच शब्द तिनं अर्धा जन्म ऐकले. पण ते म्हणणारे परके होते. मी तर तिच्या हातच्या भाकरी खाऊन शिकलो. आणि तिच्याच पैशाच्या वस्तूला...

कुलूप तिथंच फेकून द्यायला हवं होतं. पण सगळे उठले, मी रेडिओ बंद केला आणि सवयीनं हात कुलपाकडे गेला. लावूनच आलो.