पपई जिंकली, फक्त दोर तिकडे गेला

ती. आत्यास,

लाडक्या भाच्याचा वाकून नमस्कार (वाकताना कंबर धरते, पण तुझ्यासाठी वाकलो). तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? हॉस्पिटलातली नोकरी संपली तरी शेजारपाजारचे लोक अजून तुलाच जीभ दाखवायला येतात, असं कळलं. इकडे मी उत्तम आहे. दोन्ही तळहात तेवढे सोलले आहेत, आणि त्याचं कारण कुणी तुला वाकडंतिकडं सांगण्याआधी मीच सरळ सांगतो.

आमच्या छापखान्यात दर वर्षी मशीनवाले आणि बाइंडिंगवाले यांची रस्सीखेच होते. मशीनवाल्यांचा कप्तान मी, बाइंडिंगवाल्यांची कप्तान तुझी भाचेसून. यंदा आम्ही शाळांसाठी अन्नघटकांचा तक्ता छापत होतो. रंग जुळवता जुळवता माझी नजर पपई आणि उकडलेला बटाटा यांच्या रकान्यांवर गेली आणि मी उडालोच. अ जीवनसत्त्वात पपई पुढे, क जीवनसत्त्वात पपई पुढे, कॅल्शियममध्ये पपई, फार कशाला, पाण्याच्या ओळीतसुद्धा पपईच! बटाट्याच्या वाट्याला प्रथिनं, पिष्ट, ऊर्जा असल्या किरकोळ ओळी. (आम्ही छापखान्यातली माणसं. ज्याच्या ओळी जास्त, तो मजकूर मोठा.) त्याच दिवशी मी माझ्या गड्यांचे डबे बंद केले आणि दुपारी सगळ्यांना पपई सुरू केली. कागद कापणारा कुरकुरला, "कप्तान, पोटात काही आहे असं वाटतच नाही हो." त्याला मी तक्ता दाखवला. घरी ओट्यावर माझी पपई आणि शेजारी शेगडीवर हिच्या गड्यांचे बटाटे रटरटत. मी तक्ता वाचून दाखवला की ही हसून बटाट्यांत मीठ टाकायची, तेव्हा तिला पटलं असणार असं मी धरून चाललो.

सामना गोदामामागच्या आवारात झाला. शिट्टी वाजली आणि आमचे गडी इतके हलके, इतके चपळ, की बघता बघता सगळे रेषेपलीकडे पोचले (पलीकडे म्हणजे बाइंडिंगवाल्यांच्या बाजूला). दोघे तर दोर सोडून मध्येच संडासाकडे धावले. पचन किती सुरेख असेल बघ! एकटा मी शेवटपर्यंत पाय रोवून उभा होतो, म्हणून तर हात सोलले. शास्त्र आमच्याच बाजूला होतं, फक्त दोर तिकडे गेला.

पण या लोकांना शास्त्र कळेल तर शपथ! येत्या शनिवारी माझी कप्तानी काढून शाईवाल्याला द्यायचं घाटतंय. आत्या, त्या कप्तानीवर माझा फार जीव आहे. ती गेली तर मशीनपाशी मान खाली घालून उभं राहावं लागेल, आणि ते मला खरंच सोसायचं नाही.

तुझाच,
कप्तान (शनिवारपर्यंत तरी)

ता. क. : तू नर्स होतीस, तुझा शब्द इथे कुणी खाली पडू देणार नाही. "पपई उकडलेल्या बटाट्यापेक्षा सरस" एवढं तुझ्या सहीनिशी लगोलग लिहून पाठव. ऊर्जेचा उल्लेख नको.

आणखी ता. क. : आत्याबाई, नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून ही भर. हे शेवटपर्यंत उभे राहिले यात नवल नाही. रोज माझ्या पातेल्यातले बटाटे कमी व्हायचे आणि ह्यांच्या मिशीला मीठ असायचं. तरी चिठ्ठी अवश्य पाठवा, आणि चांगली ठासून लिहा. ह्यांची कप्तानी राहायलाच हवी. पुढच्या वर्षीही आम्हालाच जिंकायचंय.