तिसऱ्या भजनातली ओळ

मखमलाबाद, नाशिक
रविवार, १९ नोव्हेंबर २०००

प्रिय दिशा,

वहिनी म्हणून आशीर्वाद आणि शाळेतली मैत्रीण म्हणून पाठीत एक धपाटा. दिवाळीच्या पत्राचं उत्तर आत्ता देतेस होय गं? ते विजेच्या कारखान्याचं एकलहरे काय विलायतेत आहे?

इकडे सगळे बरे. थंडी पडायला लागलीय, गुलाब चांगला निघतोय. आईंचे गुडघे दुखतात. तुझ्या आबांचं काही दुखत नाही, ते दुसऱ्यांना दुखवतात. तुझे दादा दोघांच्या मध्ये गप्प. म्हणजे तू जसं ठेवून गेलीस तसंच आहे सगळं.

तुझ्या पत्राची शेवटची ओळ वाचली. सातवा सरत आला, आठव्यात प्रवास नको, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं तर आठवड्याभरात कोणीतरी न्यायला यायला हवं, आणि सासूबाई रोज विचारतात. दिशा, विश्वेशशी लग्न केलंस त्या दिवशी आबा ओट्यावर उभे राहून काय म्हणाले ते तुलाही ठाऊक आहे. "या घरातनं तिला आणायला कोणी जायचं नाय." आणि माहेरचं माणूस दारात आल्याशिवाय लेकीनं आपल्या पायांनी यायचं नाही, ही आपली रीत. मग मी काय लिहू? त्यापेक्षा तू दुसरं विचारलंस ना, सध्या काय बघता, काय ऐकता, ते सांगते.

आपल्याकडे केबल आली! दादांनी आबांना न विचारता घेतली. आबा आठ दिवस त्याला डबडं म्हणाले, नवव्या दिवशी डबड्यासमोर पाट मांडून बसले. संध्याकाळी एक मालिका लागते, ती तू बघच. त्यातल्या मुलीनं आपल्या मनानं लग्न केलंय आणि बाप तिच्याशी बोलत नाही. वाचलंस ना? आता पुढं ऐक. परवा ती मुलगी पावसात दारात उभी, आणि बाप पाठ फिरवून बसलेला. आबांना राहवेना. ताटावरून ओरडले, "लय ताठलंय म्हातारं! अरे, पोर भिजती ना भाईर! दार उघड की!"

आईंनी भाकरी तव्यावर तशीच ठेवली. दादा ताटात बघायला लागले. मला हसू आवरेना, म्हणून मी पाण्याच्या निमित्तानं उठले आणि मोरीत जाऊन रडले. आबांच्या काही लक्षात आलं नाही. त्या बापाला शिव्या देत ते जेवले, वर एक भाकरी जास्त खाल्ली. असा माणूस, याला काय म्हणावं?

आणि ऐकायचं म्हणशील, तर तू पाठवलेली कॅसेट. विश्वेशच्या काकांचा, ढुंढिराजबुवांचा आवाज गोड आहे, पण आम्हाला त्यांचं काय! आम्ही मागे म्हणणाऱ्या बायकांत तुला शोधलं. तिसऱ्या भजनात सगळ्या थांबतात आणि गंगेवरची ती एक ओळ तू एकटी म्हणतेस. आबा बाजारात गेले की मी शेडमध्ये टेप लावते. गुलाबाच्या जुड्या बांधता बांधता कुसाबाई म्हणते, "आपली दिशाच हाय ना ही?" मी म्हणते, गप बस बाई.

एकदा आबा लवकर परत आले. टेप चालूच होता. दारात उभे राहून ऐकलं त्यांनी. "कोन गातंय?" म्हणाले. मी म्हटलं, त्र्यंबकचे बुवा आहेत. "आन् मागं?" म्हटलं, असतील कोणी बाया. "हं," म्हणाले आणि टोपल्या उचलायला गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे फुलं तोडायला निघाले तर टेप त्यांच्या काखेत. तेव्हापासून रोज तेच. बुवांची भक्ती लागली म्हणून आई खूश आहेत.

तुझं नाव मात्र आबा घेत नाहीत. खोटं कशाला सांगू.

आई हाक मारताहेत. राहिलेलं उद्या लिहिते.

मंगळवार

काल लिहायला जमलं नाही, आणि आज जे झालं ते आधी सांगते.

सकाळी टेपनं तुझी कॅसेट खाल्ली. रोज तेवढाच भाग मागे घेऊन घेऊन आबांनी तिथली फीत झिजवली होती. टेपमधून आतड्यांसारखी ती बाहेर आली आणि ओढता ओढता तुटली. मला वाटलं, आता चिडून फेकून देतील. पण त्यांनी फुलांची टोपली बाजूला सारली, गोणपाट अंथरलं, गुलाबाचं कलम बांधायची सुरी धोतराला पुसून घेतली आणि बसले. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. आजवर कधी त्यांनी बाजार चुकवला नाही, आज चुकवला. चुरगळलेला तुकडा कापला, दोन्ही टोकं जुळवली आणि मला म्हणाले चिकटपट्टी लाव. माझा हात हलला. तर खेकसले,

"हळू धर ना सुवर्णा! पोरीची ओळ तुटंल."

दिशा, "पोरीची" म्हणाले. कुसाबाईनं जुडी तशीच हातात धरली. मी मान खाली घालून पट्टी लावली. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं गं. बापाला लेकीचा आवाज कळणार नाही असं मला वाटलं, म्हणजे वेडी मीच.

जोडली, लावली. पण कापलेल्या तुकड्यात तुझे दोन शब्द गेले. तुझी ओळ सुरू होते आणि मध्येच उडी मारते. आबांनी पुन्हा पुन्हा लावून बघितली. मग टेप बंद करून नुसते बसून राहिले. कुसाबाई म्हणाली, "आबा, तिरंबकला देवळापाशी मिळती ती कॅसेट. नवी आना की."

 संध्याकाळी मालिका लागली तरी आबा उठले नाहीत.

बुधवार, सकाळ

घाईत लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

आबांनी पहाटे अंघोळ केली, इस्त्रीचं धोतर नेसले, लग्नातली टोपी घातली. आईंनी विचारलं, कुठं? म्हणाले, "एकलहऱ्याला." आई म्हणाल्या, कशाला? तर म्हणतात, "माझं काय तिथल्या लाइटीच्या कारखान्यात काम हाय का? नवी कॅसेट कशाला आनायची? गानारी हाय की तिथं."

आई ओट्यावरच बसल्या. मग उठल्या आणि डिंकाच्या लाडवांचा डबा काढला. कधी करून ठेवले होते, मलाही पत्ता नाही.

मी पत्रावर पत्ता घालत होते, तर आबा मागे येऊन उभे. "उरक लौकर. टपालाला कशाला घालती? मी चाललोय ना." म्हणजे मी तुला पत्र लिहिते हेही त्यांना माहीत होतं तर! वाटेत वाचतील ही भीती नाही. त्यांचा वाचायचा चष्मा मी माझ्या पदरात बांधून ठेवलाय.

तर ऐक. फुलं उतरवून तोच टेम्पो घेऊन ते येतील आणि म्हणतील, "टेम्पो इकडंच आला हुता, म्हनून आलो." तू खरं मान. न्यायला आलो असं तोंडानं म्हणणार नाहीत, तेवढं मागू नकोस. पत्र तुझ्या हातात देतील आणि तू वाचेपर्यंत टोपी काढून बसून राहतील. ओळ लगेच म्हणून दाखवू नकोस. ती घरी, शेडमध्ये, सगळ्यांसमोर.

आता पत्र खाली ठेव आणि वर बघ. किती वेळ बसवशील त्यांना? आधी पाणी दे, मग पिशवी भर.

दारात भाकरतुकडा घेऊन उभी असलेली
तुझी सुवर्णा