लेकुरवाळीची कुंडी आणि इतर मिळकत

मी, खाली सही करणारा, धंद्याने वजनकाटे दुरुस्त करणारा, वय एकाहत्तर, माझ्या मागे माझ्या मिळकतीचे काय व्हावे ते या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. उजव्या खुब्याचा सांधा झिजला आहे आणि परवा त्याचे ऑपरेशन आहे, पण मृत्युपत्र खुब्याने लिहायचे नसते. माझ्यावर कोणीही दडपण आणलेले नाही. माझ्यावर दडपण आणील असा माणूस या घरात राहत नाही.

(समासात, नंतर लिहिलेले: हे शेवटचे वाक्य मी ताठ मानेने लिहिले होते. आता वाचवत नाही. तरी खोडत नाही, कारण ते खरे आहे.)

कलम १. घर. खाली दुकान आणि वर तीन खोल्या, एवढी वास्तू माझ्या मालकीची आहे. ती मुलगा आणि सून या दोघांना सारख्या हिश्शाने मिळावी. मुलगा रंगाच्या कारखान्यात रंग मिसळतो. माणूस सरळ आहे, पण माझ्याशी बोलायचे तर आधी घसा खाकरतो, मग पंख्याकडे बघतो आणि शेवटी ‘काही नाही’ म्हणून निघून जातो. सून दातांच्या दवाखान्यात बसते, आलेल्या लोकांचे नंबर लावते. तिच्या कामात चूक काढायचे मी बरेच प्रयत्न केले. अजून सापडलेली नाही.

कलम २. बँकेतली शिल्लक दोघांनी वाटून घ्यावी. खुब्याने काही शिल्लक ठेवली तर.

कलम ३. हत्यारे. दुकानातली हत्यारे, पितळी वजनांच्या पेट्या आणि तपासणीचा बारीक काटा विकून टाकावा. माझ्याकडे अर्धे आयुष्य काम केलेल्या कारागिराला यातले काहीही देऊ नये. त्याच्या हातून तपासणीचे वजन खाली पडले आणि कडेला पोचा आला. त्याने स्वतःच वर येऊन सांगितले. आम्ही जेवत होतो. सून तेव्हा नवीनच घरात आली होती. मी जागच्या जागी त्याला कामावरून काढले आणि पुढचा घास घेतला. ज्या वजनावर बाकीची वजने तपासायची, तेच पाडतो म्हणजे काय!

(समासात: कलम आठ पाहा.)

कलम ४. शेजारचा कुलूपवाला माझा मित्र आहे आणि या कागदावर साक्षीदार म्हणून सही करणार आहे. माझा मोठा पाना त्याने ‘आत्ता आणून देतो’ म्हणून नेला, त्याला जमाना झाला. तो त्याने ठेवून घ्यावा. साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये असे म्हणतात, म्हणून हे बक्षीस समजू नये. मी फक्त नाद सोडला आहे.

येथवरचा मजकूर ऑपरेशनच्या आधीचा आहे. यापुढचा, घरी परत आल्यावरचा.

कलम ५. झाड. पूर्वेच्या खिडकीत एक कुंडी आहे. तीत एक हिरवा कांदा आहे, खाण्याचा नव्हे. खाल्ला तर दवाखाना गाठावा लागेल, आणि त्याचा चीक हाताला लागला तरी खाज सुटते. हा कांदा अर्ध्याहून जास्त मातीच्या वर बसतो, गुळगुळीत आणि फुगीर. वरून पट्ट्यासारखी लांब पाने निघतात आणि त्यांची टोके वाळतात. ती त्याची खोड आहे, रोग नाही. कात्रीने कापावीत आणि गप्प बसावे. कांद्याच्या अंगावर कागदासारखा पातळ पापुद्रा असतो. त्या पापुद्र्याखाली, कुशीला, वाटाण्याएवढी पिल्ले धरतात. पापुद्रा आपसूक फाटला की पिल्ले खाली मातीत पडतात आणि मुळे धरतात. म्हणून माझी बायको तिला लेकुरवाळी म्हणायची.

बायको टेलिफोनच्या ऑफिसात होती. तिथल्या एका मैत्रिणीने तिला एक पिल्लू दिले, त्याची ही कुंडी झाली. बायको गेल्यावर मी ती सांभाळली, माझ्या पद्धतीने. कुंडी काट्यावर ठेवायची. माती सुकली की वजन उतरते. ते ठरलेल्या आकड्यापर्यंत उतरले की पाणी, तोवर थेंब नाही. थंडीत तर जवळजवळ नाहीच, कारण तेव्हा कांदा झोपेत असतो आणि झोपेत पाजलेले पाणी त्याला बाधते. हे वजन मी बायको असतानाही करायचो, आणि ती त्यावरून माझी थट्टा करायची. ‘आधी मला बसवा काट्यावर, मग तिला,’ म्हणायची. मी चिडलो की ‘नाही, मी नाही गप्प बसणार’ म्हणायची. ‘नाही’ हा शब्द या घरात माझ्या तोंडावर ती एकटीच म्हणू शकायची.

मी भर थंडीत तीन आठवडे इस्पितळात होतो. घरी आल्यावर चार दिवसांनी काठी टेकत खिडकीशी गेलो आणि कुंडी काट्यावर ठेवली. काटा भलतीकडेच थांबला. आधी मी काट्यावर संशय घेतला, ही माझ्या धंद्यातली सवय. मग कांदा मातीतून उचलला. माझ्या लेकुरवाळीची एक बाजू खिडकीच्या चौकटीला टेकून टेकून चपटी झाली होती. हा कांदा चारी बाजूंनी गोल होता. तिच्या जागी कोणीतरी दुसरीच आणून बसवली होती, आणि कुंडी धुऊनपुसून, मातीवर खडी पसरून, काहीच न झाल्यासारखी ठेवली होती. त्याच रात्री मी पुढचे कलम लिहिले.

<s>कलम ६. सुनेने माझ्या बायकोचे झाड मारले आणि मला फसवले. म्हणून कलम एक आणि दोन बदलून असे लिहीत आहे की घर आणि पैसा एकट्या मुलाला मिळावा, आणि सुनेला माझ्या मिळकतीतले चमचासुद्धा मिळू नये.</s>

वरील सहावे कलम मी स्वतः आडवी रेघ मारून रद्द केले आहे आणि रेघेवर सही केली आहे. कलम खोडायचे तर काय करावे असे विचारले, तेव्हा कुलूपवाला म्हणाला, “अरे, नवीन कागद घे, स्वच्छ लिहून काढ.” मी नको म्हटले. नवा कागद घेतला तर हे मी कधी लिहिलेच नव्हते असे होईल, आणि मी ते लिहिले होते.

झाले ते असे. दुसऱ्या दिवशी मी तिला खाली दुकानात बोलावले. कुंडी काट्यावर ठेवली आणि म्हटले, “बघ काय भरतंय.”

तिने काट्याचा आकडा वाचला. मग म्हणाली, “बाबा, ते सडलं.”

“आपोआप सडलं?”

“पाणी जास्त झालं.”

“थंडीत पाणी! कोणी सांगितलं होतं तुला?”

“तुम्ही.”

“मी? मी कधी सांगितलं?”

“सांगितलं नाहीत. विचारलंत,” ती म्हणाली. “मी इस्पितळात डबा घेऊन यायचे. तुम्ही डबा उघडायच्या आधी विचारायचात, ‘लेकुरवाळीला पाणी घातलंस का?’ रोज. पहिल्या दिवशी घातलं नव्हतं, आणि ‘नाही’ म्हणायला माझी जीभ उचलेना. ‘हो’ म्हटलं. खोटं बोलले म्हणून घरी येऊन घातलं. मग रोज घालूनच निघायचे, म्हणजे ‘हो’ म्हटलं तर ते खरं असेल.”

“आणि तुला माहीत नव्हतं, की थंडीत याला पाणी चालत नाही?”

“माहीत होतं. आईंनी लग्नानंतर मला एक पिल्लू दिलं होतं ना, ते मी आमच्या दातांच्या दवाखान्याच्या खिडकीत वाढवलंय. त्याला थंडीत मी हातही लावत नाही. तेच आणून ठेवलंय इथं.”

“अगं, माहीत होतं तर सांगायचंस ना!” मी ओरडलो.

ती एक पाऊल मागे सरली. पाठ मागच्या फळीला लागली, वजने खणखणली, आणि तिने डोळे मिटून घेतले.

मी आयुष्यात कोणावर हात उचललेला नाही. या गोष्टीचा मला फार ताठा होता. पण चांगले घरदार चालवणारी, दवाखान्यात किंचाळणाऱ्या माणसांना शांत करणारी ही बाई माझ्या आवाजाने फळीला जाऊन टेकली. एका कांद्यासाठी. तिने माझ्यासमोर खरे बोलणाऱ्या कारागिराचे काय झाले ते जेवताना डोळ्यांनी पाहिले होते. मग तिने आपले स्वतःचे, हाताने वाढवलेले झाड उपटून माझ्या खिडकीत आणून लावले, आणि त्यानंतर रोज सकाळी मला चहा देताना मी खिडकीकडे बघतो का हे ती बघत असणार. मला एवढी लाज वाटली की काठीची मूठ हातातून सुटली. ती तिनेच उचलून दिली. मी ‘हं’ म्हटले. बस, ‘हं’.

इस्पितळातल्या त्या दिवसांत मी तिला एकदाही ‘तू कशी आहेस’ असे विचारले नव्हते. दोन बस बदलून यायची. हे मला आता आठवते आणि रात्री उशी गरम लागते.

कलम ७. म्हणून लिहितो की लेकुरवाळी मी मारली. पाणी तिने घातले, पण ते माझ्या धाकाने घातले. सुनेने मला क्षमा करावी असे लिहिण्याचा मला हक्क नाही. माझी चूक होती एवढेच लिहितो. कलम एक आणि दोन मूळचीच कायम राहावीत. खिडकीतले सध्याचे झाड माझ्या मागे सुनेला मिळावे.

कलम ८. कलम तीन रद्द. सगळी हत्यारे, वजने आणि बारीक काटा त्या कारागिराला द्यावा. त्याने चूक केली नव्हती असे नाही, पण त्याने ती स्वतः येऊन सांगितली होती, आणि मी नेमके त्याबद्दल त्याला घालवले. पोचा आलेले वजन मी ठेवले आहे. ते माझ्या टेबलावर राहू द्यावे, मी असेपर्यंत.

इतके लिहून मी कागद कुलूपवाल्याकडे सहीसाठी नेला. त्याने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि विचारले, “हे ती कधी वाचणार?”

“मी गेल्यावर. मृत्युपत्र आहे ते.”

“म्हणजे चूक कबूल करायची, पण आपण जागेवर नसताना. वा रे पठ्ठ्या!” असे म्हणून त्याने पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवले. “आधी घरी जाऊन वाच. मग करतो सही.”

मी त्याला नको नको ते बोललो. घरी येईपर्यंत त्याचे बोलणे डोक्यातून गेले नाही.

संध्याकाळी जेवणाआधी मी दोघांना टेबलाशी बसवले आणि पहिल्या ओळीपासून सगळे वाचून दाखवले, खोडलेलेसुद्धा. मुलगा पंख्याकडे बघत होता. सहावे कलम अर्धे वाचून थांबलो. पाणी पिऊन पुन्हा वाचले. सून हात मांडीवर ठेवून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “सातवं परत वाचा.”

मी परत वाचले. झाडाच्या वाक्याशी आलो तेव्हा ती म्हणाली, “नाही.”

मुलाने पंख्यावरून नजर खाली आणली.

“नाही, बाबा,” ती म्हणाली. “ते झाड तुमचं नाही. मला आईंनी दिलं होतं. माझी वस्तू तुम्ही मेल्यावर मला कशी देणार? ते मी उद्या दवाखान्यात परत नेणार आहे.”

माझे तोंड सवयीने उघडले होते. ते मी मिटले. ती म्हणत होती ते कायद्यानेही बरोबर होते.

दुरुस्ती. कलम सातमधले शेवटचे वाक्य रद्द. जे माझे नाही ते मला कोणाला देता येत नाही. ही दुरुस्ती सुनेने सांगितली आणि मी केली.

ठरल्याप्रमाणे तिने आपले झाड नेले. खिडकी मोकळी दिसत होती, आणि ती मोकळी दिसावी हेच योग्य होते. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिच्या हातात तळाला भोके पाडलेला एक कागदी पेला होता. त्यात वाळूमिश्रित मातीवर दोन हिरवे मणी बसले होते, एकाला केसासारखे पान फुटले होते.

“कांदा खालून सडला होता,” ती म्हणाली, “पण कुशीची ही दोन पिल्लं धड होती. मला टाकवेना. तुम्हाला दाखवायचीही भीती वाटली, म्हणून दवाखान्यात ठेवली होती. ही आईंच्या लेकुरवाळीची आहेत. ही तुमची.”

मी पेला हातात घेतला. वजन असे काही नव्हतेच. मी तिचा हात धरला आणि जे त्या दिवशी दुकानात बोलायला हवे होते ते बोललो. ते येथे लिहीत नाही. जिला सांगायचे होते तिला सांगून झाले आहे.

कलम ९. हा पेला, आणि त्यात पुढे जे वाढेल ते, माझ्या मागे सुनेने ठेवायचे की नाही हे तिने ठरवावे. मी असेपर्यंत पाणी तिच्या सांगण्यावरून घातले जाईल.

आज सह्या करायच्या म्हणून लवकर उठलो. पेला खिडकीत उन्हाला होता, माती वरून सुकलेली दिसत होती. सून चप्पल घालत होती. मी विचारले, “पाणी घालू का?”

तिने माझ्याकडे वळूनही पाहिले नाही. “नाही,” म्हणाली आणि जिना उतरून गेली.

मी घातले नाही.

सही: वजनकाटेवाला, स्वतःच्या हाताने

साक्षीदार: वरील सर्व मजकूर, खाडाखोडीसह, आम्हाला वाचून दाखवला आणि सही आमच्या डोळ्यांदेखत केली.

१. शेजारचा कुलूपवाला. (पाना उद्या आणून देतो.)

२. दवाखान्यातली दातांची डॉक्टर. (झाड आमच्या खिडकीत परत आले आहे, याचीही साक्ष देते.)

स्थळ: दुकानाच्या वरची खोली, पूर्वेची खिडकी

दिनांक: अकरा मार्च, रविवार