कढईतल्या सात्या

आत्याबाई,

कढईतल्या सात्या मीच उकिरड्यात पुरल्या, मांजरीवर आळ घेऊ नका. वैभवी दोन जिवांची, लेकीच्या मायेनं तुमी रानातून वेचून आणल्या, मले समजते. पण ह्या बारक्या भुईछत्र्याइच्या खालच्या चुण्या पांढऱ्याफट अन् देठाच्या बुडाले वाटी हाय. एक कागदात गुंडाळून वाशीमले कॉलेजच्या मॅडमले दाखवाले नेऊन राह्यली. त्याइनं ओळखल्याबिगर आपल्या घरात सात्या शिजनार नाई. रागवा, चार घरी सांगा, चालते. वैभवीले बेसन करून द्या.

हळद काळी नाई पडली म्हंजे सात्या चांगल्या, असं तुमी म्हनाल. माहा भाऊ काय खाऊन गेला, तुमाले ठाऊक हाय. मायनं त्या दिवशी हळद टाकूनच पाह्यली होती. पिवळीधमक राह्यली होती.

तुमची सून, वर्षाराणी