हिरॉइनच्या बापाचा रोल

३ सप्टेंबर
आजपासून 'सासरच्या सात पायऱ्या' बंद. कायमची. अडीचशे भाग झाले, हिरॉइन अजून पहिल्याच पायरीवर. सासूने विष दुधात कालवलं, चहात कालवलं, आज श्रीखंडात. पोरगी ठणठणीत. बघतो ते मी केवळ समीक्षक म्हणून. साप्ताहिक 'तापी-तरंग'मधलं माझं 'पडदाफाड' हे सदर अख्ख्या रावेर तालुक्यात वाचलं जातं. मागे सावद्याहून एकाचा फोन आला होता. त्याला केळीचे भाव हवे होते, पण सदर वाचतो म्हणाला.

४ सप्टेंबर
बघितली. शत्रू काय करतो ते माहीत हवं. श्रीखंड नोकराने खाल्लं.
लेख लिहून टाकला. शीर्षक, 'ही मालिका की जुलाब?' संपादक हेमराजभाऊंनी जुलाब काढून 'कोडं' घातलं. चॅनेलची जाहिरात यायची आहे म्हणे. पत्रकारिता मरते ती अशी. मी स्वतः एकही शब्द बदलला नाही.

९ सप्टेंबर
त्याच मालिकेचं शूटिंग रावेरला! हिरॉइनचं माहेर केळीच्या बागेत दाखवायचंय. प्रॉडक्शनचा चंदन नावाचा माणूस आमची बाग बघून गेला, पसंत केली. कॉलेजात असताना मी नाटकात होतो, हे त्याच्या कानावर घातलं. पडदा ओढायला होतो, हे सांगायची काही गरज नव्हती. तो म्हणाला, बघू. मुंबईची माणसं उगाच 'बघू' म्हणत नाहीत.
मोहिनीला सांगितलं. ती म्हणाली, पोट आत घ्या. बायकोने नवऱ्याला धीर द्यावा! पंचेचाळिशी आली, एकदा तरी टीव्हीवर आपलं थोबाड दिसावं, एवढीच इच्छा आहे. दुसरं काय मागतोय मी?

१० सप्टेंबर
पुढचा लेख लिहायला घेतला. मालिका तशी वाईट नाही. विषाच्या प्रसंगांत एक सातत्य आहे.

१४ सप्टेंबर
शूटिंग. मला डायलॉग होता, 'ताई, गाडी आली.' ऐन वेळी तो शेजारच्या निंबाला दिला, कारण ट्रॅक्टर त्याचा. मग मला गर्दीत उभं केलं. मग गर्दीच्या मागे. मग खुर्च्या उचलायला सांगितल्या. उचलल्या. मोठे कलाकार खालूनच वर येतात.
आणि संध्याकाळी चंदन स्वतः चालत आला. माझा चांगलासा फोटो मागितला. हिरॉइनच्या बापाच्या रोलसाठी! म्हणाला, रोज दिसाल, आणि काम काहीच नाही. याला अंडरप्ले म्हणतात. निंबाला कुठून कळणार?
जळगावच्या स्टुडिओत काढलेला फोटो दिला. ब्लेझरमधला, किंचित हसरा.

१५ सप्टेंबर
लेख पूर्ण. 'मराठी मालिकेला नवी उंची.' हेमराजभाऊ म्हणाले, चॅनेलने पाठवलेल्या मजकुरापेक्षाही हे गोड झालंय. त्यांनी तो मजकूर बाजूला ठेवून माझाच छापला. समीक्षकाचं मन मोकळं असावं.

२२ सप्टेंबर
उद्या माझा एपिसोड. गल्लीत घरोघरी सांगून आलो. शिरपूरला सासूबाईंना मुद्दाम कळवलं नाही. सरप्राइज. त्या एकही भाग सोडत नाहीत.

२३ सप्टेंबर
घरात वीस-पंचवीस माणसं. मोहिनीने सगळ्यांसाठी पोहे केले.
दिसलो. पूर्ण स्क्रीनवर. भिंतीला टांगलेला, गळ्यात हार, खाली दिवा. हिरॉइन हात जोडून म्हणाली, बाबा, आज तुम्ही हवे होतात.
निंबाने विचारलं, भाऊ, पुढच्या भागात उठता का? मोहिनी ताडकन आत गेली. कपाळावर कुंकू आहे माझ्या, हे काय अभद्र, असं भांडी आपटत म्हणत होती. तिला कला कळत नाही. बाप मेलाय, पण कथा त्याच्याभोवतीच फिरते आहे.
चाहत्यांचे फोन सुरू होतील म्हणून माझा फोन बंद केला. तिचाही.

२४ सप्टेंबर, दुपार
गल्लीत बायकांचा गलका. चाहते! खिशाला पेन लावून बाहेर गेलो.
सासूबाई. बरोबर पाच जणी. शिरपूरहून जीप करून दारावर, दुखवट्याला आलेल्या, पदर तोंडाला, रडण्याचा सूर कोपऱ्यापासूनच लागलेला. टीव्हीवर जावयाच्या फोटोला हार दिसला, आणि दोघांचे फोन बंद. मालिका आहे की बातम्या, हा विचार करायला आईचं काळीज थांबतं होय? मला बघून सूर मध्येच तुटला. मग, 'मना जवाई जित्ता शे, मंग फोटोले हार कोनी घाला?' म्हणून मोहिनीलाच झापलं. फोटो मी हौसेने दिला हे कळल्यावर मला. पाच जणींसमोर. वाटेभर रडलेलं वाया गेलं, याचाही राग होताच.
चहा झाला. एकीने हळूच विचारलं, मालिकेतल्या सासूला पोलीस धरतात का.
मोहिनीने बजावलं, तो हार उतरत नाही तोवर स्वयंपाक तुमचा तुम्ही करा.

२६ सप्टेंबर
चंदनला फोन केला. हार काढा म्हटलं. तो म्हणाला, मेलेल्याला हार नसला तर प्रेक्षक गोंधळतात. मी त्याला स्पष्ट सुनावलं, माझ्या हातात लेखणी आहे. तो म्हणाला, बरं.
घाबरला. दोन दिवसांत हार उतरेल. खिचडी करपली.

२९ सप्टेंबर
भिंत तीच. हार तोच. दिवा तोच. फोटोत दुसराच माणूस.
चंदनला विचारलं. म्हणाला, चॅनेलला तुमचा चेहरा चालला नाही, मेल्यासारखा वाटत नाही. प्रेक्षकांपैकी कोणाच्या लक्षातही आलं नाही म्हणे. खोटं असणार. सासूबाईंना फोन करून खात्री केली. त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणाल्या, 'आते कसा खरा बाप दिखस.'
हिरॉइन त्या परक्या माणसापुढे हात जोडून तेच वाक्य बोलली. आणि मोहिनीने पदराने डोळे पुसले. माझ्या फोटोच्या वेळी हिने भांडी आपटली होती! मी उठून टीव्हीसमोर उभा राहिलो आणि जाब विचारला.
ती म्हणाली, जरा बाजूला सरका, तिचे बाबा दिसत नाहीत.